थांबू नको, मंदा

माझं नाव रजनी. आडनाव नका लिहू, गल्लीत सगळे रजनी मसालेवाली म्हणूनच ओळखतात, तेवढं पुरे आहे. जन्म लालबागचा, चाळीतला. गाव कुडाळच्या पुढे, पण गाव आमच्यासाठी म्हणजे मे महिन्यातलं आणि गणपतीतलं, बाकी सगळं आयुष्य इथेच. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते, मग संप झाला, आज उघडेल उद्या उघडेल करत गिरणी काय उघडली नाय, आणि आईने मिरच्यांचे देठ काढायचं काम धरलं. मसाल्याच्या दुकानाबाहेर पोतं अंथरून बायका बसायच्या, त्यांच्यात आई आणि आईच्या बाजूला मी, शाळा सुटली की तिथेच. हात असे भगभगायचे की खोबरेल चोळून झोपायचो, तरी डोळ्याला बोट लावायची सोय नाय. तेव्हापासून मी मिरचीत आहे. लग्न झालं तेही गल्लीच्या पलीकडच्या चाळीत, म्हणजे माहेर-सासर एका हाकेवर, आणि लग्नानंतर देठांवरून मी कढईवर आले. बढतीच म्हणा.

आता मसाला भाजणं म्हणजे काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं त्यात काय आहे, धणे टाकले, हलवले, काढले. तसं नाय. दगडफूल एक क्षण जास्त राहिलं की अख्खा मसाला कडू, आणि घरी जाऊन बाई वर्षभर शिव्या घालणार. घाटावरच्यांचा वेगळा, आमचा मालवणी वेगळा, कोळ्यांचा वेगळा. उन्हाळाभर तोंडाला फडकं बांधून कढईपुढे उभी असते मी, बाजूला डंक घणघणतायत, मिरची कुटतायत, आणि त्या मिरचीचा ठसका छातीत जाऊन बसतो तो पावसाळा आला तरी निघत नाय. त्या ठसक्यातूनच हे सगळं सुरू झालं. खोकला काय हटेना. डॉक्टर बोलले, रजनीबाई, औषध देतो पण सकाळी मोकळ्या हवेत चाला. मी म्हटलं, लालबागात मोकळी हवा कुठल्या दुकानात मिळते ते पण लिहून द्या. पण गेले. परळवरून, प्रभादेवीवरून दादरच्या चौपाटीपर्यंत चालायला लागले, गुलाबी पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली. आणि एक दिवस कुत्रा मागे लागला. मी पळाले. कुत्रा कंटाळून थांबला तरी मी थांबले नाय, खोटं नाय सांगत. छाती अशी मोकळी झाली की मला वाटलं, अरे, येवढी वर्षं हा श्वास कुठे होता. त्या दिवसापासून मी धावते. कोणी शिकवलं नाय, कोणी सांगितलं नाय, माझं मीच. हे आधी लिहा, कारण पुढे सगळं मंदाचंच येणार आहे.

मंदा म्हणजे मंदा मासेवाली. माझगावची, कोळीण. पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन माल उचलायचा आणि आमच्या बाजारात येऊन पाटी लावायची, तिची आई पण तिथेच बसायची, त्याच जागेवर. माझ्याच वयाची, एखादं वर्ष इकडे तिकडे. मी तिच्याकडून मासे घ्यायचे आणि ती माझ्याकडे मसाला करायला यायची आणि दरवर्षी आमचं भांडण, कुणाचा मसाला खरा. ती बोलायची, तुमचा मालवणी मसाला म्हंजे पोरांचा खाऊ गो, त्यात तिखट कुठं हाय? मी म्हणायचे, तुमच्या मसाल्यात मासा कुठे लागतो, नुसती जीभ भाजते. हे असं हसत हसत. तेव्हा हसत होतो आम्ही, मनात काय नव्हतं.

पावसात समुद्र बंद असतो ना, होड्या जात नायत, तेव्हा तिचा धंदा थंड. बसून बसून मांड्या सुजल्या म्हणायला लागली. मीच म्हटलं, चल माझ्याबरोबर. मीच म्हटलं हां. ती हसली, मना काय कुत्रा लागलाय मागं? पण आली. लुगडं नेसून आली, कोळणी नेसतात तसं, गुडघ्यापर्यंत, घट्ट, आणि पायात अंगठ्याच्या चपला. मी तिला श्वास कसा घ्यायचा ते सांगितलं, पाणी एकदम नाय प्यायचं, घोट घोट, ते सांगितलं, बूट घ्यायला परळला मी घेऊन गेले, लुगड्याखाली बूट बघून दुकानातला पोरगा हसला तर त्याला मी झापला. आणि आठवडा नाय झाला, बाई माझ्या पुढे. मला वाटलं, नवं आहे, दम लागेल. दम लागतोय कुठला. धक्क्यावर लिलाव लागला की डोक्यावर पाटी घेऊन पळायची सवय लहानपणापासूनची, तिच्यासाठी मोकळ्या डोक्याने धावणं म्हणजे सुट्टीच. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ते असं.

आमचे धावायचे दिवस सोमवार आणि गुरुवार. का, तर त्या दिवशी निम्मे लोक मासे खात नायत, तिला बाजारात घाई नसते. बघा म्हणजे, धावायला मी सुरू केलं आणि वार ठरले तिच्या गिऱ्हाइकांच्या उपासावर. ते पण मी मान्य केलं. श्रावणात तर विचारूच नका, तेव्हा ती रोज मोकळी, मग मला पण रोज ओढायची.

मग आम्ही त्या जानेवारीतल्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये नाव घातलं. पूर्ण नाय, अर्धी. माहीमहून सुटायचं आणि व्हीटीला पोचायचं. शर्यत असते रविवारी आणि रविवार म्हणजे मासेवालीची दिवाळी, तरी तिने पाटी बंद ठेवली. पहिल्याच वर्षी काय झालं, पेडर रोडचा चढ चढून मी अर्धमेली उतरले, गिरगाव चौपाटीला आले, तर पाण्याच्या टेबलाजवळ ही उभी. कमरेवर हात ठेवून. घामाचा टिपूस पण सुकून गेलेला. बोलली, आयलीस? चल. आणि माझा हात धरला आणि अख्ख्या मरीन ड्राइव्हवरून हात धरून मला व्हीटीपर्यंत नेलं, आणि आम्ही दोघी एकदम आत गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला पण तेव्हा रडू आलं, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं.

पण दुसऱ्या वर्षी परत तेच. तिसऱ्या वर्षी परत तेच. त्याच टेबलाजवळ, तशीच कमरेवर हात ठेवून. आयलीस? चल. तुम्ही विचार करा, घरातून पहाटे उठून, वर्षभर मरमर करून तुम्ही तिथपर्यंत पोचलात आणि समोर एक बाई तुमची वाट बघत उभी आहे, तिचं झालंय सगळं, ती फक्त तुमच्यासाठी अडलीय. तो हात मला नको झाला. हात धरला की वाटायचं ही मला रस्ता क्रॉस करून देतेय. घरी आमच्या ह्यांना सांगितलं तर ते बोलले, ती थांबता म्हणान तुका बरां वाटूक होयां, आजकाल कोण कोणासाठी थांबता? मी म्हटलं तुम्ही गप बसा, तुम्हाला नाय कळायचं.

आणि फोटो. फोटोचं सांगते. लुगडं नेसून धावणारी बाई म्हटल्यावर कॅमेरेवाले सोडतात काय? पेपरात आली. टीव्हीवाल्यांनी बाजारात येऊन तिच्या पाटीसमोर माईक धरला आणि ही पापलेट साफ करता करता मुलाखत देतेय. मग बाजाराच्या तोंडावर हा येवढा फ्लेक्स लागला, लालबागची धावती रणरागिणी मंदाताई, वर पक्षाच्या साहेबांचे फोटो तिच्यापेक्षा मोठे, ते सोडा, पण फोटो कुठला तर व्हीटीचा, हात धरलेला. आणि मी कुठे? कापलेली. कोपऱ्यात एक कोपर दिसतंय आणि हिरव्या बांगड्या, ते कोपर माझं. मी गिऱ्हाइकांना दाखवायचे, ते कोपर बघा, ते माझं आहे. लोक कोपराकडे बघायचे आणि माझ्याकडे बघायचे आणि बोलायचे, मावशी, हळद जरा जास्त घाला. मी रोज त्या फ्लेक्सखालून कामाला जायचे. पाऊस येऊन तो फाटला तेव्हा मला जे समाधान झालं ते देवळात पण होत नाय.

माझ्या पोटात दुखायचं. मी काय संत आहे काय? आयत्या बिळावर नागोबा म्हणायचे मी तिला मनात. धावणं माझं, रस्ता माझा, खोकला माझा आणि रणरागिणी ती. ती मला चांगली सुरमई बाजूला काढून ठेवायची तर मी कल्ले उचलून बघायचे, वास घ्यायचे, ताजी आहे ना गं नक्की? ती मान खाली घालून हसायची. तिचं हसणं पण मला सहन नाय व्हायचं. मला दुसरं काय नको होतं, पैसा नको, पेपर नको. एकदाच, फक्त एकदाच मला तिच्या आधी व्हीटीला पोचायचं होतं. त्या टेबलाजवळ ती नसताना. ती माझ्या मागे असताना, खरंखुरं मागे.

म्हणून मी शिवाजी पार्कचा ग्रुप धरला. तिथे एक सर आहेत, बँकेतून रिटायर झालेले, ते सकाळी लोकांना धावायला शिकवतात. मंदाला नाय सांगितलं. का सांगू? ती काय सगळं मला सांगते? मंगळवारी आणि शुक्रवारी, म्हणजे तिच्या बाजाराच्या दिवशी, मी पार्कावर जायचे. सरांनी मला चढ कसा चढायचा ते शिकवलं, हात कसे ठेवायचे, आधी जोरात पळून नंतर मरायचं नाय ते शिकवलं. सोमवारी मंदाबरोबर धावताना मात्र मी पहिल्यासारखीच धापा टाकत जायचे. नाटक केलं म्हणा. ग्रुपचा पिवळा टी-शर्ट मिळाला, टोपी मिळाली, काळा चष्मा मी दादरला फुटपाथवर घेतला. आरशात बघितलं तर मला मीच ओळखली नाय. आमचे हे बोलले, खंय चललंस, क्रिकेट खेळूक?

शर्यतीच्या दिवशी मंदा माझगावहून परस्पर येणार होती, मी ग्रुपबरोबर गेले. माहीमला येवढी गर्दी, कोण कुठे कळायचं नाय. सुटलो. आणि काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी पाय माझे नव्हतेच. हाजीअली कधी आली कळलं नाय. पेडर रोड, ज्या चढावर मी दरवर्षी देवाचा धावा करायचे, तो मी चढले, न थांबता चढले, आजूबाजूला सगळे पिवळे शर्ट, आमचाच ग्रुप. उतरून चौपाटीला आलो आणि माझी नजर आपोआप त्या पाण्याच्या टेबलाकडे गेली. तिथे यंदा नेमकं शाळेच्या पोरांचं लेझीम पथक उभं केलेलं. पोरं नाचतायत, लोक पाणी घेतायत, आणि मंदा नाय. मी मान वळवून वळवून बघितलं. नाय.

आता बघा हां माणसाचं मन. येवढी वर्षं मी काय मागत होते? थांबू नको म्हणून. आणि ती दिसली नाय तर माझ्या डोक्यात सणक गेली. म्हणजे यंदा हिला थांबावंसं पण नाय वाटलं! रणरागिणी झाली ना, आता कशाला थांबेल मसालेवालीसाठी. मला नको होता तिचा हात, पण तिने दिला नाय ह्याचा मला असा राग आला, असा राग आला की मी मरीन ड्राइव्हवर जी सुटले ती पिवळ्या शर्टांना मागे टाकत सुटले. मनात एकच, ही पुढे आहे, हिला गाठायची. समोर लुगडं दिसतंय काय बघत होते. कुठेच दिसत नव्हतं. येवढी पुढे गेली? अजून जोरात. व्हीटीला पोचले तेव्हा माझ्या तोंडून आवाज फुटत नव्हता. सर आधीच आलेले, ते बोलले, रजनीताई, कमाल केलीत. गळ्यात मेडल पडलं. मी म्हटलं मंदा कुठे आहे, लुगडंवाली, माझ्या आधी आली असेल. ते बोलले, नाय, मी इथेच उभा आहे, लुगडंवाली कोणी आली नाय.

आली नाय. म्हणजे मी आधी आले. ते कळायला मला जरा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा मी काय केलं माहिती आहे, मी तिथे रस्त्यावर फतकल मारून बसले आणि हसले. मोठमोठ्याने हसले. एकटीच. ज्याची येवढी वर्षं वाट बघितली ते झालं होतं. मग म्हटलं, आता ती येईल, मी इथे कमरेवर हात ठेवून उभी राहते, ती आली की बोलते, आयलीस? चल. तोंडात शब्द तयार ठेवले होते मी.

ती येईना. लोक येत होते, जात होते, लंगडत होते, फोटो काढत होते. ऊन वर आलं. माझे तयार शब्द तोंडात सुकले. मग काळजी वाटायला लागली आणि काळजीबरोबर परत राग, म्हणजे आज पण माझा दिवस ही धड जाऊ देणार नाय. शेवटी ती बस आली, मागे राहिलेल्यांना गोळा करत येते ती. त्या बसमधून मंदा उतरली. डोळे सुजलेले, पदर सुटलेला. मला बघितलं आणि धावत आली आणि आधी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मेडल पुढे उडालं. मेली कुठं जेलतीस गो? सगळे तंबू शोधले मी तुला! ती चौपाटीलाच उभी होती. पथकामुळे थोडी बाजूला, गर्दीच्या आड सरकून उभी होती, येवढंच. गुलाबी पंजाबी ड्रेस शोधत होती. वाट बघितली, बघितली, मग तिला वाटलं चढावर मला काय झालं, माझी छाती तिला माहिती आहे, म्हणून ती उलटी फिरली आणि पेडर रोडवर मागे गेली, जिथे जिथे डॉक्टरांचे तंबू होते तिथे तिथे विचारत, गुलाबी ड्रेस, कमरेला ओढणी, खोकते. खोकते म्हणून सांगितलं तिने सगळ्यांना. मग शर्यत बंद व्हायची वेळ झाली आणि त्यांनी तिला बसमध्ये घातली.

रडून झाल्यावर तिने माझ्याकडे नीट बघितलं. टोपी, चष्मा, शर्ट. हा कंचा गो शर्ट? मी चष्मा काढला. ती बोलली, म्हंजे तू माझ्या समोरून जेलीस. मी बोलले, मला काय माहिती तू तिथे उभी होतीस. तिने माझं मेडल हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं, परत माझ्या छातीवर नीट ठेवलं आणि बोलली, चांगली पळालीस. बस, येवढंच. ओरडली असती तर मला चाललं असतं.

बाजूला कोणीतरी पोरगी होती, तिथे काम करणारी, ती मला बोलली, काकी, ह्या ताई थांबल्या नसत्या ना तर आज वयाच्या गटात नक्की स्टेजवर असत्या. मला सांगतेय. जसं काय मी धरून ठेवली होती. मी तिला कधी बोलले होते का, थांब म्हणून? माझी चूक दाखवा तुम्ही मला. मी शर्ट घातला ही चूक? जोरात धावले ही चूक? आणि ऐका पुढे, बसमध्ये कोणीतरी मंदाचा रडतानाचा व्हिडिओ काढला होता, तो सगळीकडे फिरला, मैत्रिणीसाठी शर्यत सोडली. आला परत फ्लेक्स. ह्या वेळी मैत्री असावी तर अशी. ह्या वेळी माझं कोपर पण नाय. मी जिंकले आणि नाव तिचं झालं, आणि जिंकले ती पण कशामुळे, तर ती माझ्यासाठी उभी होती म्हणून. माझं एकुलतं एक जिंकणं, ते पण तिने मला सुरमईसारखं बाजूला काढून ठेवलेलं.

मी तिच्याकडे जायची बंद झाले. मासे दुसरीकडून आणले, आमचे हे एक घास खाऊन बोलले, ह्या काय हाडलंस? धावणं पण वेगवेगळं. होळी झाली, मिरचीचा सीझन लागला, गल्लीत पाय ठेवायला जागा नाय, आणि एक दिवस रांगेत मंदा. मिरची, खडा मसाला सगळं घेऊन उभी. माझ्याच कढईसमोर. मी फडक्यातून बोलले, कोळी मसाला ना? ती बोलली, नाय, पोरांचा खाऊ दे. मला हसू फुटलं आणि ठसका लागला, ती पाणी घेऊन आली, मी ढकललं तिचा हात. म्हटलं आधी शपथ घे. कसली? परत थांबणार नाय म्हणून. एकविरेची घे. डंकांच्या आवाजात ओरडून बोलावं लागत होतं, अख्खी रांग ऐकत होती. मी म्हटलं, तू दरवर्षी उपकार करतेस माझ्यावर, मला नको तुझे उपकार. तिचं तोंड येवढंसं झालं. बोलली, कसले उपकार? मना एकटीला जावंसं नाय वाटत तिथं. शेवटाला सगळी लोकं इंग्लिशमधी बोलतान, कोण आपलं नसतं. तू असली की बरं वाटतं. म्हंजे मी माझ्यासाठी थांबते. मी ऐकून घेतलं. खरं असेल, अर्धं असेल. पण मी ऐकली नाय, शपथ घ्यायलाच लावली. तिने घेतली, गळ्याला हात लावून. मसाला मात्र मी तिचा त्या दिवशी असा भाजला, असा भाजला की तिच्या आईने पण भाजला नसता.

दिवाळीनंतर दादरला एक छोटी शर्यत होती. शिवाजी पार्कावरून निघायचं, वरळीपर्यंत जायचं आणि त्याच रस्त्याने परत. ती लुगड्यात, मी गुलाबी पंजाबी ड्रेसमध्ये, मुद्दाम. एकत्र उभ्या राहिलो. मी म्हटलं, शपथ लक्षात आहे ना? ती बोलली, हाय गो बाय. शिट्टी वाजली आणि मंदा गेली. गेली म्हणजे दिसेनाशीच झाली. काय सांगू तुम्हाला, मला वाटायचं मी थोडीशी मागे असते. सरांकडे शिकून तर अगदी थोडीशी. प्रभादेवीला पोचायच्या आत तिचं लुगडं माझ्या नजरेतून गेलं. तेव्हा मला कळलं की सोमवारी, गुरुवारी, सगळी वर्षं ती धावलीच नव्हती. माझ्या बाजूने नुसती फिरायला येत होती. मी जिच्याशी स्पर्धा करत होते ती स्पर्धेत नव्हतीच. छातीत असं काय जळलं, मिरचीने पण येवढं जळत नाय.

आणि मग ती समोरून आली. वरळीहून फिरून परत येत होती, मी अजून जातच होते, मध्ये नुसता दुभाजक. मी तिला येवढ्या वर्षांत दोनच प्रकारे बघितलेलं, एक तिची पाठ, नायतर कमरेवर हात ठेवून उभी. धावतानाचा तिचा चेहरा मी कधी बघितलाच नव्हता. ओठ आवळलेले, डोळे लांब कुठेतरी, आणि तोंडावर असा आनंद, असा आनंद, लहान पोरीसारखा. त्या चेहऱ्याला कोणाची गरज नव्हती. माझी तर नव्हतीच. मला जी जळजळ झाली ती आत्ता सांगताना पण होतेय. हे माझ्याकडे का नाय, देवा? मी आधी सुरू केलं होतं. तेवढ्यात तिने मला बघितलं, गुलाबी ड्रेस, आणि मी बघितलं की तिचा पाय अडला. एकच पाऊल. थांबणार होती ती, शपथ घेऊन पण थांबणार होती. आणि माझ्या तोंडून शिवी निघाली, सगळ्या रस्त्यासमोर, आणि मी ओरडले, थांबू नको मंदे, पळ! भवाने, पळ! लोक बघायला लागले. ती हसली आणि गेली.

पहिली आली. नुसती वयाच्या गटात नाय, तिच्याहून कितीतरी लहान पोरींना मागे टाकलं. मी पोचले तेव्हा स्टेजचं सगळं आटपलं होतं, ती कट्ट्यावर चहा पीत होती, गळ्यात हार. मला बघून लांबूनच ओरडली, थांबले नाय हां मी, बसलेय! मी तिच्या बाजूला बसले. तिने हार काढून मांडीवर ठेवला. मी म्हटलं, घाल, कशाला काढलास, मला काय वाटत नाय. ती बोलली, तुला वाटतं. म्हटलं, हो, वाटतं. मग अर्धा चहा तिने मला बशीत ओतून दिला. तो मी प्यायले.

आता असं आहे, सोमवारी आणि गुरुवारी ती अजून येते. परळच्या नाक्यापर्यंत दोघी बरोबर, गप्पा मारत, बाजारातलं, घरातलं. नाक्याला मी बोलते, जा आता. आणि ती जाते. मी माझी मागून दादरला पोचते, तोपर्यंत ती निघून गेलेली असते, धक्क्याला. मी एकटी समुद्राकडे बघत बसते, खोकला येतो कधी, कधी नाय येत. तुम्ही मगाशी विचारलंत, अजून जळते का म्हणून. जळते ना. लिहा तसंच, ती वाचणार नाय, आणि कोणी वाचून दाखवलं तर तिला माहितीच आहे. मोठी शर्यत परत येतेय, सरांकडे मी अजून जाते, आता तिला सांगून जाते. परवा तिचा गुडघा दुखत होता, तर मी घरून तेल कढवून नेलं, बाजारात पाटीमागे बसून चोळून दिलं, आजूबाजूच्या कोळणी बोलल्या, काय माया हाय. माया बिया काय नाय. एकविरेला मी रोज सांगते, आई, हिच्या गुडघ्यांना सांभाळ, हिला काय होऊ देऊ नको. मला ती धडधाकट असतानाच हरवायची आहे.